साल्गादो यांचे ‘गोल्ड’: खाणीतली गर्दी आणि त्या गर्दीचा हिशेब

ब्राझिलियन छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांचे ‘गोल्ड’ हे छायाचित्रांचे पुस्तक टाशेन या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये काढले. ब्राझीलच्या पारा राज्यातील सेरा पेलादा या उघड्या सोन्याच्या खाणीत साल्गादो यांनी १९८६ मध्ये टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे त्यात एकत्र केलेली आहेत. यांतली काही छायाचित्रे जगभर इतक्या वेळा छापली गेली आहेत की, साल्गादो हे नाव कधी न ऐकलेल्या माणसानेही ती कुठे ना कुठे पाहिलेली असतात: प्रचंड खड्डा, त्याच्या उतारावर टेकवलेल्या लाकडी शिड्या आणि त्या शिड्यांवरून पाठीवर पोती घेऊन वर चढणारी चिखलाने माखलेली हजारो माणसे. एवढी ओळखीची चित्रे असलेले, वजनदार आणि महागडे पुस्तक विकत घ्यावे का, हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे. माझे मत ‘घ्यावे’ असेच आहे. मात्र ज्या चित्रांमुळे हे पुस्तक प्रसिद्ध आहे ती त्यातली सर्वांत मोलाची चित्रे नव्हेत, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रथम निर्मितीविषयी. पुस्तक मोठ्या आकाराचे, पुठ्ठा बांधणीचे आणि सुमारे दोनशे पानांचे आहे. त्याची मांडणी आणि संपादन त्यांच्या पत्नी लेलिया वानिक साल्गादो यांचे आहे. साल्गादो यांची जवळजवळ सर्व पुस्तके त्यांनीच घडवली. मजकूर मोजका आहे. एक टिपण स्वतः साल्गादो यांचे आणि एक लेख ॲलन रायडिंग यांचा, जे त्या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ब्राझीलमधील वार्ताहर होते. छपाईबद्दल तक्रारीला जागा नाही. ओल्या मातीचा काळा, सावलीतला काळा आणि घामाने चकाकणाऱ्या पाठीचा काळा हे तीन वेगळे काळे रंग आहेत आणि ते कागदावर वेगळेच राहिले आहेत. संगणकाच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर पाहिलेल्या त्याच छायाचित्रांत हे तिन्ही एकात मिसळून जातात. पुस्तकाचा आकार उभा असल्यामुळे आडवी छायाचित्रे दोन समोरासमोरच्या पानांवर पसरतात आणि मधली शिवण नेमकी एखाद्या शिडीवरून किंवा माणसावरून जाते. अशा पुस्तकांतली ही नेहमीची अडचण आहे, पण एवढी किंमत मोजल्यावर ती खुपतेच.

आता खाणीविषयी, कारण तिची व्यवस्था समजल्याखेरीज ही छायाचित्रे वाचता येत नाहीत असे माझे ठाम मत आहे. १९८० च्या सुमारास अॅमेझॉनच्या खोऱ्यातील एका शेतजमिनीवर सोने सापडल्याची बातमी फुटली आणि पाहता पाहता हजारो लोक तिथे येऊन धडकले. ऐन भरात तिथे सुमारे ५०,००० माणसे काम करत होती. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. कुदळ, फावडे, पोते आणि शिडी एवढ्यावर सुमारे २०० मीटर रुंदीचा खड्डा खणला गेला. ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती. तिने खाणीचा ताबा मेजर कुरिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. त्याने खाणीच्या हद्दीत दारूला आणि स्त्रियांना बंदी केली, आणि पुढे जवळच वाढलेल्या गावाला कुरियोनोपोलिस हे त्याच्याच नावाचे नाव मिळाले. बंदी खाणीपुरती होती. शेजारच्या वस्तीत दोन्ही गोष्टींचा धंदा जोरात चालला, हे सांगायला नकोच.

खड्ड्याचा तळ लहान लहान चौकोनांत वाटलेला होता. एक चौकोन साधारण दोन मीटर बाय तीन मीटरचा, म्हणजे आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीहूनही लहान. प्रत्येक चौकोनाला एक हक्कदार असे आणि त्याच्या हाताखाली खणणारे व वाहणारे मजूर असत. वाहणाऱ्याला खेपेप्रमाणे पैसे मिळत, आणि ते फारच थोडे असत. पण एखाद्या चौकोनात सोन्याची शीर लागली की, तिथून माती वर नेणाऱ्या प्रत्येक मजुराला आपण वाहिलेल्या पोत्यांपैकी एक पोते स्वतःसाठी निवडण्याचा हक्क मिळत असे. त्या पोत्यात नुसता चिखल निघेल किंवा आयुष्य पालटून टाकणारे सोने निघेल. साल्गादो यांनी स्वतः हा नियम नोंदवला आहे आणि पुढे असेही लिहिले आहे की, इथे कोणालाही जबरदस्तीने आणलेले नव्हते, तरी आल्यावर सगळेच सोन्याच्या स्वप्नाचे आणि जगण्याच्या गरजेचे गुलाम होत. त्या गर्दीत शेतमजूर होते, शहरातले कामगार होते आणि विद्यापीठाची पदवी घेतलेलेही होते.

हा एक नियम माहीत झाला की छायाचित्र बदलते. पोते घेऊन शिडी चढणारा माणूस रोजंदारी करतो आहे आणि त्याच वेळी सोडतही खेळतो आहे. त्याच्या अंगावर चाबूक नाही, हातात एक हक्क आहे. मात्र तो हक्क बजावण्याची संधी बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. शोषणाचा हा प्रकार गुलामगिरीपेक्षा निराळा आहे आणि अधिक हुशारही आहे. खाणीच्या मजुरांनी तिथल्या डळमळत्या शिड्यांना ‘आई, येतो गं’ अशा अर्थाचे नाव ठेवले होते. जोखमीची पूर्ण जाणीव असलेल्या माणसांनाच असले नाव सुचते. उंचावरून टिपलेल्या भव्य दृश्यांत मात्र यातले काही दिसत नाही. ती पाहून प्रेक्षकाच्या मनात पिरॅमिड, बायबलमधला बॅबेलचा मनोरा, वारूळ अशा उपमा येतात. खुद्द साल्गादो यांनाही खड्ड्याच्या काठावर पोहोचताच आपण काळाच्या आरंभापाशी येऊन ठेपलो आहोत असे वाटले होते आणि ते त्यांनी अनेकदा सांगितले आहे.

इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. सेरा पेलादा हे पुराणकाळातले दृश्य नव्हते. ते अगदी १९८० च्या दशकातले दृश्य होते. १९८० च्या जानेवारीत सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव एका औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढला होता, आणि त्याआधीच्या दशकात तो कित्येक पटींनी वाढला होता. ज्या मातीकडे कोणी ढुंकून पाहिले नसते ती माती हाताने खणणेही परवडू लागले, ते या भावामुळे. सोने खाणीवरच सरकारी बँक विकत घेत असे आणि अधिकृत दफ्तरी जेवढे सोने नोंदले गेले त्याहून बरेच अधिक चोरट्या मार्गाने बाहेर गेले असे मानले जाते. १९८३ मध्ये तिथे सापडलेला सुमारे ६० किलो वजनाचा गोळा आज ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेच्या संग्रहालयात, ब्राझिलियात, ठेवलेला आहे. म्हणजे खड्ड्यातला चिखल आणि जगाचा सराफ बाजार यांच्यात फार अंतर नव्हते. छायाचित्रांतले कपडेही तेच सांगतात: अर्ध्या चड्ड्या, टी-शर्ट, टोप्या. कृष्णधवल छपाई आणि चिखल यांच्यामुळे ते कपडे दिसेनासे होतात आणि माणसे कालातीत भासू लागतात. ही कलावंताची करामत आहे, पण तिच्यामुळे एका विशिष्ट बाजारभावाची आणि एका विशिष्ट सरकारची जबाबदारी मानवजातीच्या सनातन दुःखात विरघळून जाते.

तुलनेसाठी आल्फ्रेडो जार या चिलीत जन्मलेल्या कलावंताचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ते साल्गादो यांच्या आधी, १९८५ मध्ये, सेरा पेलादाला गेले आणि त्यांनी रंगीत छायाचित्रे काढली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या स्प्रिंग स्ट्रीट या भुयारी रेल्वे स्थानकात, जिथून वॉल स्ट्रीटकडे नोकरदारांची रोजची ये-जा चालते, त्यांनी ती जाहिरातींच्या जागी लावली आणि त्यांच्या जोडीला निरनिराळ्या शहरांतले सोन्याचे भाव छापले. छायाचित्रे म्हणून ती साल्गादो यांच्या चित्रांच्या जवळपासही पोहोचत नाहीत. परंतु बघणाऱ्याला ‘यात माझा काय संबंध’ असे म्हणण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. ‘गोल्ड’ ही सोय ठेवते, आणि उत्तम कागदावर ठेवते.

मराठी वाचकाला हा मुद्दा पटकन पटावा असे एक चित्र साल्गादो यांच्याच संग्रहात आहे, या पुस्तकात नसले तरी. १९९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चर्चगेट स्थानकाचे छायाचित्र काढले, जे त्यांच्या स्थलांतरावरच्या मालिकेत आले. दोन्ही बाजूंना उभ्या लोकल गाड्या आणि मधून वाहणारा माणसांचा लोंढा, असे ते दृश्य आहे. कॅमेऱ्याची झडप मुद्दाम सावकाश उघडझाप केल्यामुळे माणसे पुसट होऊन धुरासारखी पसरली आहेत. परदेशी प्रेक्षकाला त्यात महानगराने गिळलेली, चेहरा हरवलेली माणसे दिसतात. आपल्याला मात्र त्यात विरारची गाडी पकडणारा कारकून, दादरला उतरून भाजी घेणारी बाई आणि खिडकीची जागा मिळवण्यासाठी धावणारा पोरगा दिसतो, कारण त्या गर्दीचा हिशेब आपल्याला माहीत आहे. चर्चगेटच्या फलाटावर कोणी कोणाचा गुलाम नाही आणि कोणी फार मोकळाही नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. सेरा पेलादाची छायाचित्रे पाहताना आपण नेमके त्या परदेशी प्रेक्षकाच्या जागी असतो. म्हणून मी पुन्हा सांगतो की हे पुस्तक विकत घेणाऱ्याने आधी मजकूर वाचावा, नकाशावर पारा राज्य शोधावे, आणि मगच पाने उलटावीत.

आणि तशी उलटली, तर पुस्तक भरभरून देते. चर्चगेटच्या उलट इथे साल्गादो यांनी गर्दी पुसट केलेली नाही. दुरून टिपलेल्या दृश्यातही प्रत्येक माणूस स्वच्छ, रेखीव आहे. भिंग लावून पाहिले तर कोणी पोते पाठीवर घेतले आहे, कोणी त्याचा पट्टा कपाळावरून घेऊन मान ताठ केली आहे, कोणी वाट अडल्यामुळे खोळंबला आहे, कोणी वर बघून ओरडतो आहे, हे ओळखता येते. लायका कॅमेऱ्यातल्या ३५ मिलिमीटर फिल्मवर, त्या दमट हवेत आणि चिखलात, हे साधणे ही साधी गोष्ट नव्हे. लष्करी राजवटीत परवानगी मिळत नसल्याने साल्गादो यांना तिथे जाण्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागले होते. १९८५ मध्ये राजवट गेली, पुढच्या वर्षी ते तिथे पोहोचले आणि महिनाभर खाणीतल्या माणसांबरोबरच राहिले. पहिल्या दिवशीची चित्रे कोणती आणि विसाव्या दिवशीची कोणती, हे पुस्तक सांगत नाही, परंतु ते ओळखता येते असे मला वाटते. दुरून घेतलेल्या भव्य दृश्यांसाठी काठावर उभे राहणे पुरेसे असते. जवळची चित्रे मात्र माणसांनी छायाचित्रकाराची दखल घेणे सोडून दिल्यावरच मिळतात.

त्या जवळच्या चित्रांतले सर्वांत बलवान चित्र म्हणजे मजूर आणि शिपाई यांचे. गणवेशातला लष्करी पोलीस बंदूक घेऊन उभा आहे आणि एका मजुराने त्या बंदुकीची नळी सरळ हाताने धरली आहे. मागे बघ्यांची दाटी आहे. पोलिसाचे वय कोवळे वाटते, मजुराचे खांदे रुंद आहेत, आणि पुढच्या क्षणी काय होईल हे कोणालाच ठाऊक नाही. पिरॅमिडची उपमा या चित्रापुढे टिकत नाही. इथे राज्यसंस्था आहे, तिचा नोकर आहे आणि त्याला न भिणारा नागरिक आहे. या चित्राचे गांभीर्य समजण्यासाठी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट जवळ ठेवावी: डिसेंबर १९८७ मध्ये सेरा पेलादाच्या मजुरांनी माराबा येथे तोकांतिन्स नदीवरचा पूल अडवला असता पारा राज्याच्या लष्करी पोलिसांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्यात किती माणसे मेली यावर आजही वाद आहे.

दुसरे चित्र खांबाला टेकून हाताची घडी घातलेल्या मजुराचे. तो थकलेला आहे, पण त्याच्या उभे राहण्यात एक ऐट आहे आणि मागे खड्ड्याची हालचाल चाललेली आहे. ख्रिस्ती चित्रकलेशी परिचय असलेले समीक्षक त्यात खांबाला बांधून बाण मारलेल्या संत सेबास्तियनची आठवण काढतात. मला त्यापेक्षा त्याचे कॅमेऱ्याकडे न पाहणे महत्त्वाचे वाटते. त्याला आपली कीव नको आहे, आणि साल्गादो यांनीही ती मागितलेली नाही. पोत्याच्या ओझ्याखाली वाकलेल्या पिंढऱ्या, दुसऱ्याच्या टाचेपाशी आलेले पहिल्याचे नाक, एकमेकांना दिलेला हात असे तपशील असलेली आणखीही चित्रे आहेत. त्यांत हे लोक एकमेकांशी बोलतात, भांडतात, थट्टा करतात. पुस्तक विकत घेण्याचे खरे कारण ही चित्रे आहेत, कारण आंतरजालावर शोधले तर आधी भव्य दृश्येच समोर येतात.

साल्गादो यांच्यावरचे दोन जुने आक्षेप या पुस्तकालाही लागू होतात. समीक्षक इंग्रिड सिशी यांनी १९९१ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये असे म्हटले होते की, दुःखाचे इतके सुंदर चित्रण केले की पाहणाऱ्याचे लक्ष सौंदर्यावर राहते आणि कृतीची निकड उरत नाही. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. कुरूप छायाचित्रांनी जग अधिक लवकर सुधारल्याचा दाखला नाही, आणि सुंदर नसती तर ही चित्रे आज कोणी पाहिली नसती. दुसरा आक्षेप अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांचा, २००३ मधला. साल्गादो यांच्या स्थलांतराच्या छायाचित्रांबद्दल त्या म्हणाल्या की, बलवानांना नावे असतात आणि दुर्बळांना फक्त व्यवसाय, वंश किंवा अवस्था. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि ‘गोल्ड’च्या बाबतीत तो अधिकच बोचतो. मेजर कुरिओचे नाव इतिहासात आहे, गावाला आहे. बंदुकीची नळी धरणारा माणूस मात्र फक्त ‘मजूर’ राहतो. १९८६ च्या गर्दीत प्रत्येकाचे नाव विचारणे अशक्य होते हे खरे, पण मधल्या तेहेतीस वर्षांत एवढ्या प्रसिद्ध पाच-सहा चेहऱ्यांचा शोध घेऊन त्यांची हकिगत पुस्तकात जोडता आली असती. आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम याच कृष्णधवल परंपरेत केले, मात्र आपल्याच शहरात, वर्षानुवर्षे त्याच लोकांकडे परत जात. महिनाभर राहणे आणि परत परत जाणे यांतला फरक चित्रांत दिसल्याशिवाय राहत नाही.

खाणीचे पुढे काय झाले याचे उत्तर चित्रांत नाही, कारण साल्गादो यांचा विषय १९८६ पुरताच आहे. दरडी कोसळत राहिल्या, तळाला पाणी भरत गेले, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस हाताने खणणे बंद झाले आणि त्या खड्ड्याचे तळे झाले. सोने वेगळे करण्यासाठी वापरलेला पारा त्या परिसरातल्या पाण्यात आणि मातीत गेला. साल्गादो दांपत्याने १९९८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेमार्फत मिनास जेराइस या आपल्या प्रांतात उजाड जमिनीवर जंगल पुन्हा उभे केले, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांना माहीत असेल. मे २०२५ मध्ये पॅरिसमध्ये साल्गादो यांचे निधन झाले.

ज्यांना साल्गादो यांचे एकच पुस्तक घ्यायचे आहे त्यांना मी ‘गोल्ड’ऐवजी ‘वर्कर्स’ सुचवेन. १९९३ चे ते पुस्तक बरेच मोठे आहे. त्यात सेरा पेलादा हे एक प्रकरण असून शेजारी धनबादचे कोळसा कामगार, जावातल्या ज्वालामुखीच्या विवरातून गंधक वाहणारे मजूर आणि जहाजे मोडणारे कामगार आहेत. त्या संगतीत सोन्याचा मजूर आपोआप मजूर म्हणून दिसतो, पुराणातला प्राणी म्हणून नव्हे. ‘गोल्ड’ हे त्यानंतर घ्यावे, किंवा छायाचित्रण शिकणाऱ्याने आधी घ्यावे, कारण एकाच जागी राहून दूर, मध्यम आणि जवळ अशा अंतरांवरून एक विषय कसा खणून काढावा याचा इतका स्पष्ट धडा दुसरीकडे क्वचितच मिळतो. सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि कलामहाविद्यालयांनी एक प्रत तरी ठेवायला हवी. घरपोच मागवणाऱ्यांनी विक्रेत्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोपऱ्यांना संरक्षण देऊन पाठवण्यास आधीच सांगावे. एवढ्या वजनाचे पुस्तक नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत आले की त्याचे कोपरे हमखास चेपतात, आणि अशा प्रतीची बदली मिळवणे हा निराळाच खटाटोप असतो.